पहिली ओळ

सुप्याला आमच्या घरी चकलीचा घाणा घालण्याआधी आई एकच चकली पाडते. ती तेलात सोडायची, बघायचं, मगच पुढं. सोऱ्यातून पडतानाच तुकडे पडले तर पीठ घट्ट झालंय, पाण्याचा हात लावायला हवा. तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळायची. "पन्नास पाडून ठेवल्यास आणि मग बघितलंस, तर पन्नासही तशाच होणार," असं ती वहिनीला दरवर्षी सांगते. २०२०च्या दिवाळीत हे वाक्य स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं, आणि मी पुढच्या खोलीत काळ्या पडद्यावरून वाहत चाललेल्या शेकडो एरर बघत बसले होते.

पुढची खोली म्हणजे दादाचं दुकान. झेरॉक्स, सातबाऱ्याचे उतारे, ऑनलाइन अर्ज, कॉम्प्युटर दुरुस्ती. त्या वर्षी लॉकडाउनमुळे मी पुण्यातली खोली सोडून घरूनच काम करत होते. टेबलाखाली एक जुना टॉवर होता, त्याला सगळे 'सर्व्हर' म्हणत. त्यावर जवळच्या एका दूध संकलन केंद्राचा हिशोब चालायचा.

बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ऊस येतो. सुपे बारामती तालुक्यात असलं तरी त्यातलं नव्हे. चौफुल्याहून मोरगावच्या गणपतीला जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. आजूबाजूला पर्जन्यछायेचं माळरान आहे, त्यात चिंकारा हरणांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे. इतिहास वाचणाऱ्यांना शहाजीराजांच्या जहागिरीतला सुपे परगणा आठवतो. राहणाऱ्यांना मात्र आधी पाणी आठवतं. पाऊस हुलकावणी देतो त्या वर्षी कितीतरी घरं दोन गाईंवर चालतात, आणि दर दहा दिवसांनी होणारा 'दुधाचा पगार' हाच घरातला नेमका पैसा असतो. म्हणून त्या टॉवरमधला हिशोब चुकणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

हे आधी सांगते, कारण "जुनं लिनक्स टाकून नवं का घालत नाही?" हा प्रश्न शहरातून फार सहज विचारला जातो. टॉवरवर सेंटओएस ७ होतं. ही आवृत्ती जुलै २०१४मध्ये आली. हिशोबाचा प्रोग्राम त्याच सुमाराला कोणीतरी पीएचपीत लिहून दिला होता. सेंटओएस ७ सोबत येणारी पीएचपी ५.४, आणि प्रोग्राम डेटाबेसशी बोलायचा तो 'मायएसक्यूएल' नावाने सुरू होणाऱ्या जुन्या फंक्शन्समधून. ती फंक्शन्स डिसेंबर २०१५ला आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली. लिहिणारा माणूस आता संपर्कात नाही. नवी सिस्टीम घातली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कॅन घेऊन आलेल्या माणसांच्या फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून दुधात उरणाऱ्या घन भागाच्या) नोंदी कशात करायच्या, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. जुनी मशीनं लोक आळसाने ठेवत नाहीत. त्यांच्या पोटात काहीतरी चालू असतं, आणि ते थांबवता येत नाही.

मला एवढंच करायचं होतं की दूध मोजलं गेलं की लगेच शेतकऱ्याच्या मोबाइलवर लिटर, फॅट आणि दराचा मेसेज जावा. मेसेज पाठवणारी सेवा कधीकधी अडकते. त्यामुळे मेसेज रांगेत ठेवून सावकाश पाठवणारं काहीतरी मध्ये हवं होतं. त्यासाठी रेडिस निवडलं. साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीच्या प्रोग्रामरने २००९मध्ये सुरू केलेला हा सर्व्हर लहान आणि वेगवान आहे, आणि मूळ सोर्स कोड घेऊन आपल्या मशीनवर बांधणं सोपं म्हणून प्रसिद्ध आहे. ऑक्टोबरच्या अखेरीला आलेली ६.०.९ ही आवृत्ती मी उतरवून घेतली. फाइल सोडवायची, त्या फोल्डरमध्ये जायचं, 'मेक' म्हणायचं. दहा मिनिटांचं काम.

ते काम तीन दिवस चाललं.

पहिल्यांदा 'मेक' म्हटलं तेव्हा उत्तर आलं, क्लॉक स्क्यू डिटेक्टेड, आणि बांधकाम अपुरं राहू शकेल असा इशारा. शेजारी फाइलची वेळ भविष्यातली असल्याची तक्रार. 'मेक' हे साधन १९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्याची सगळी बुद्धी घड्याळावर चालते. सोर्सची फाइल तयार वस्तूपेक्षा नवी असेल तर पुन्हा बांध, जुनी असेल तर हात लावू नको. इथं मात्र सगळा सोर्सच उद्याचा दिसत होता.

मी मॉनिटरकडे बघितलं. कडेला दादाच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली होती: 'लाइट गेल्यावर तारीख घालणे.' मदरबोर्डवरचा बटण सेल कधीच संपला होता. वीज गेली आणि इन्व्हर्टरही उतरला की मशीन तारीख विसरायचं आणि मग कोणीतरी हाताने घालायचं. त्या दिवशी दुकानातल्या मुलाने महिना अकराऐवजी दहा घातला होता. म्हणजे मशीनच्या लेखी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा चालू होता आणि रेडिसची ही आवृत्ती अजून जन्मालाही आली नव्हती. घड्याळवाल्याकडून सेल आणला, बसवला, तारीख नीट केली. तो मुलगा ओशाळला होता. मला मात्र त्या इशाऱ्याचं मोल तेव्हा कळलं. त्या दिवशी हिशोबात गेलेल्या नोंदींची तारीखही तपासली आणि सकाळच्या नोंदी दुरुस्त केल्या. रेडिस बांधायला घेतलं नसतं तर दुधाच्या पगारात तो घोळ थेट गेला असता.

नंतर 'सीसी: कमांड नॉट फाउंड'. सोर्समधून प्रोग्राम बांधणारा कंपायलरच मशीनवर नव्हता. घातला. पुन्हा 'मेक'. आता 'जेमॅलॉक' नावाची हेडर फाइल सापडत नाही अशी ओरड. ती फाइल तर रेडिसच्याच सोर्समध्ये असते! इथं खूप जण जेमॅलॉक बाहेरून शोधायला धावतात आणि वाट चुकतात. खरी गोष्ट अशी की पहिल्या, कंपायलर नसतानाच्या प्रयत्नात आतले उपभाग बांधले गेले नव्हते, पण 'ते काम झालं' अशी खूण मागं राहिली होती. 'मेक डिस्टक्लीन' म्हणून सगळं झाडून काढलं आणि पुन्हा सुरुवात केली.

आणि मग तो पूर आला. रेडिसचा मुख्य साचा, ज्यात सर्व्हरचे सगळे तपशील एकत्र ठेवलेले असतात, त्यात हा सदस्य नाही, तो सदस्य नाही, असं शेकडो ओळींमध्ये कंपायलर सांगत सुटला. पडद्यावर उरलेली शेवटची ओळ होती, एरर १. मुलाने मोबाइलवर त्या शेवटच्या ओळीचा फोटो काढला आणि विचारलं, "ताई, ह्यो सोर्सच खराब हाय का? एवढं सगळं कसं चुकंल?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. जगभर चालणाऱ्या सर्व्हरच्या लेखकाने आपल्याच साच्यातली शेकडो नावं विसरावीत हे शक्य नाही. मी सगळा निकाल एका फाइलमध्ये घेतला आणि वरून वाचायला लागले. अगदी पहिली तक्रार वेगळीच होती. त्या साच्याच्या आत एका ओळीवर '_अ‍ॅटॉमिक' हा शब्द होता आणि कंपायलर म्हणत होता की या शब्दाआधी मला दुसरं काहीतरी अपेक्षित होतं. म्हणजे हा शब्द त्याला माहीतच नव्हता. तो ओळखीचा नसल्याने त्याने तिथून पुढचा साचाच सोडून दिला. आणि त्या सोडलेल्या भागातली जी जी नावं पुढं वापरली होती, ती ती त्याला 'नाहीत' अशी वाटू लागली. चूक एक होती. बाकी सगळे तिचे प्रतिध्वनी.

कारण सेंटओएस ७ सोबत येतो जीसीसी ४.८.५ हा कंपायलर. सी भाषेच्या २०११च्या प्रमाणात अ‍ॅटॉमिक चलांची सोय आली. अनेक धागे एकाच वेळी एका आकड्याला हात लावत असतील तर तो तुटू नये म्हणून. जीसीसीमध्ये ती सोय ४.९ पासून आली. रेडिस ६ने अनेक धाग्यांनी काम करण्याची सोय वाढवली आणि तो शब्द वापरला. चार आणि आठ, चार आणि नऊ, मध्ये एका आकड्याचं अंतर. आतल्या खोलीत आई वहिनीला म्हणाली, "बघ, ह्या नव्या चकतीला आपला सोऱ्या लागत नाही." मी हातातलं काम ठेवून मागं वळून बघितलं होतं, ते मला अजून आठवतं.

कंपायलर एका चुकीवर थांबत का नाही, याची गोष्ट मुंबईत शोधता येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४मध्ये सीडीसी ३६०० हे संगणकयंत्र आलं. देशभरच्या संस्थांमधले संशोधक त्यावर आपली कामं चालवत. प्रोग्राम छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात असायचा. गठ्ठा द्यायचा, आपली पाळी यायची वाट बघायची, मग छापील निकाल हाती यायचा. अशा वेळी कंपायलरने पहिल्याच चुकीला हात वर केले असते तर एका स्वल्पविरामासाठी एक दिवस गेला असता. म्हणून त्या काळापासून कंपायलर शिकले की चुकीवर अडखळलो तरी कसंबसं सावरायचं, पुढचं वाचायचं, आणि एका फेरीत होतील तेवढ्या चुका सांगून टाकायच्या. हा त्यांचा चांगुलपणा होता. आज तीच फेरी काही सेकंदांत होते, पण सवय राहिली आहे. सावरतानाचे त्यांचे अंदाज चुकतात आणि खऱ्या एका चुकीपाठोपाठ खोट्या शंभर येतात. हे समजलं की पुराची भीती जाते.

या विषयात मराठी माणसांनी मोठं काम केलेलं आहे, आणि ते आपल्याकडे फारसं बोललं जात नाही याची मला खंत आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. धनंजय ढमढेरे यांची कंपायलर आणि सिस्टिम प्रोग्रामिंगवरची पाठ्यपुस्तकं देशभरच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी वाचली. त्यांच्यासोबत काम केलेले प्रा. उदय खेडकर १९९४ ते २००१ पुणे विद्यापीठात शिकवत होते, नंतर आयआयटी मुंबईत गेले. तिथं त्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर उभं केलं आणि जीसीसीच्या पोटात काय चालतं हे शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. दादाच्या टॉवरवरचा कंपायलर म्हणजे तोच, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७मध्ये पहिल्यांदा जगापुढं ठेवलेला. त्या कंपायलरच्या खालच्या थरात, म्हणजे ग्लिबसी या मूळ लायब्ररीत, सिद्धेश पोयरेकर यांनी २०१७मध्ये २.२५ आणि २.२६ या आवृत्त्यांच्या प्रकाशनाची जबाबदारी सांभाळली. सुप्याच्या मुलाला 'हे आपल्यासाठी नाही' असं वाटतं, तेव्हा मी त्याला ही नावं सांगते.

ग्लिबसीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण जुन्या लिनक्सवर सर्वांत जास्त नुकसान तिथंच होतं. लिनक्सवरचा जवळपास प्रत्येक प्रोग्राम फाइल उघडण्यापासून घड्याळ बघण्यापर्यंत सगळं या लायब्ररीमार्फत करतो. तिच्या प्रत्येक कामावर आवृत्तीचा शिक्का असतो. जुना प्रोग्राम नव्या ग्लिबसीवर चालतो, कारण जुने शिक्के जपून ठेवलेले असतात. उलटं होत नाही. सेंटओएस ७वर ग्लिबसी २.१७ आहे. नोड १८ सारखं तयार बांधलेलं सॉफ्टवेअर तिथं आणलं की ते सांगतं, ग्लिबसी २.२८ सापडली नाही, आणि बंद पडतं. सेंटओएस ६वर, जिथं २.१२ होती, 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू क्लॉक_गेटटाइम' ही तक्रार मी कितीदा पाहिली. वेळ विचारणारं ते फंक्शन तेव्हा वेगळ्या लायब्ररीत राहायचं. ते मुख्य घरात आलं २.१७मध्ये. जोडणीच्या आज्ञेत शेवटी 'एलआरटी' एवढं घातलं की काम होतं. शेवटीच घालायचं, कारण जोडणारा डावीकडून उजवीकडे वाचतो आणि आधी आलेल्या लायब्ररीतून त्याला त्या क्षणी लागेल तेवढंच तो उचलतो.

पहिल्या नोकरीत मी शिक्क्याची तक्रार वाचली आणि सरळ नवी ग्लिबसी आणून जुन्यावर ठेवली. पुढच्या क्षणी त्या सर्व्हरवर फाइलींची यादीसुद्धा दिसेना, कारण यादी दाखवणारा प्रोग्रामही त्याच लायब्ररीवर उभा असतो. लॉगिन बंद, कॉपी बंद. रात्री दोनला माझे वरिष्ठ आले, सीडीवरून मशीन सुरू करून त्यांनी जुनी फाइल परत जागेवर ठेवली, आणि मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "पायाचा दगड काढून खिडकीला लावू नये." तेव्हापासून मी कोणत्याही चालत्या मशीनची ग्लिबसी बदललेली नाही.

म्हणून सुप्यालाही पायाला हात न लावणारी वाट घेतली. रेड हॅटवाल्यांनी अशा अडचणीसाठी 'डेव्हटूलसेट' नावाची सोय केलेली आहे. नवा कंपायलर वेगळ्या फोल्डरमध्ये येऊन बसतो, जुना जागेवर तसाच राहतो. एक आज्ञा दिली की तेवढ्या खिडकीपुरता नवा कंपायलर पुढं येतो, खिडकी बंद केली की जुनं राज्य सुरू. शिवाय त्याने बांधलेला प्रोग्राम त्याच जुन्या ग्लिबसीवर चालतो. डेव्हटूलसेट-९ घातला, जीसीसी ९ पुढं आला, पुन्हा झाडून काढलं, 'मेक' म्हटलं. पूर आला नाही. दोन-चार मिनिटं ओळी शांतपणे सरकल्या आणि शेवटी चाचणी चालवून बघा अशी सूचना आली. वसुबारसेच्या संध्याकाळी केंद्रावर गाईचं दूध मोजलं गेलं आणि एका मावशींच्या मोबाइलवर पहिला मेसेज गेला. त्यांनी तो वाचायला नातवाला हाक मारली.

महिनाभरात, ८ डिसेंबर २०२०ला, बातमी आली की सेंटओएस ८ ठरल्यापेक्षा खूप आधी, २०२१च्या अखेरीला संपेल. आमच्या ७ची तारीख मात्र तीच राहिली, ३० जून २०२४. ती तारीख मी दुकानातल्या कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवली होती. तरी कामाच्या गडबडीत ती गेलीच.

२०२४च्या पावसाळ्यात मुलाचा फोन आला. आता तो मुलगा राहिला नव्हता, दुकानातली निम्मी दुरुस्ती तोच करत होता. पूर्वी तो शेवटच्या ओळीचा फोटो पाठवायचा. या वेळी त्याने पहिली ओळ टाइप करून पाठवली होती: 'मिररलिस्ट' या होस्टचा पत्ता लागत नाही. "इंटरनेट चालू हाय ताई, बाकी सगळं उघडतंय. त्येंनी पत्ताच काढून टाकलाय का?" त्याने अचूक ओळखलं होतं. मुदत संपल्यावर सेंटओएस ७ची जुनी पॅकेजेस 'व्हॉल्ट' या जुन्या साठ्यात गेली आणि आधीचा पत्ता बंद झाला. रेपोच्या फाइलींमध्ये मिररची ओळ बंद करायची आणि व्हॉल्टचा पत्ता घालायचा, एवढंच. एक खाच मात्र त्याला सांगावी लागली. डेव्हटूलसेटची सोय ज्या पॅकेजमधून येते, ते घातल्यावर ते स्वतःच्या रेपो फाइली आणतं आणि त्यांतही तोच जुना पत्ता असतो. म्हणजे पत्ता दोनदा बदलावा लागतो. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला, दोन्ही झाले.

पण व्हॉल्टमध्ये सुरक्षेची नवी ठिगळं येत नाहीत. माणसांचे मोबाइल नंबर आणि पैशाचा हिशोब असलेलं मशीन तसंच चालू ठेवणं मला पटत नव्हतं, आणि दादालाही मी ते स्पष्ट सांगितलं. मग गेल्या हिवाळ्यात दुसरं मशीन आणलं, त्यावर अल्मालिनक्स ९ घातलं, आणि जुना पीएचपीचा प्रोग्राम त्याच्या जुन्या सगळ्या सामानासकट एका कंटेनरमध्ये बंद करून बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवला. जुन्या ग्लिबसीवरचं नव्या कर्नेलवरही चालतं, याचा इथं फायदा झाला. मेसेजची रांग नव्या बाजूला. पहिले दहा दिवस दोन्ही मशीनवर हिशोब चालवला, आणि पगाराच्या दिवशी दोन्ही याद्या पैशापैशाने जुळवल्या. मग जुन्या टॉवरची वायर काढली.

त्या मुलाने या सगळ्या वर्षांत एक वही केली आहे, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. डावीकडे एररची पहिली ओळ, जशी दिसली तशी. उजवीकडे मराठीत कारण आणि काय केलं. इंग्रजी वाक्यातला प्रत्येक शब्द त्याने आपल्या भाषेत उलगडून लिहिला आहे: 'अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणजे नाव माहीत हाय, पण माणूस सापडंना. लायब्ररी जोडायची राहिली.' 'नो सच फाइल म्हणजे डेव्हेल पॅकेज घातलं नाही.' 'किल्ड म्हणजे मेमरी संपली, एका वेळी एकच काम दे, स्वॅप वाढव.' कॉलेजात मी कंपायलरचा एक पूर्ण पेपर दिला होता, लहानसा पार्सरही लिहिला होता. एरर वरून खाली कशी वाचायची हे मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या वहीचे मी फोटो काढून घेतले आहेत आणि पुण्यात माझ्याकडे नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशी तेच वाचायला देते.

परवा फराळासाठी घरी गेले तेव्हा वही उघडी होती. शेवटची नोंद नव्या मशीनवरची होती. डावीकडे लिहिलं होतं, क्लॉक स्क्यू डिटेक्टेड. उजवीकडे अजून काही लिहिलेलं नव्हतं. तो टेबलाखाली वाकून स्क्रू काढत होता, आणि त्याच्या खिशात सेलची नवी पट्टी होती.